नवं यंत्र घेतलं आणि लगेच किंमत कोसळली: आधी घेणाऱ्याने फरक मागावा का?

शाईवेडा

ई-इंकच्या पडद्यावर पेनाने लिहिता येणारा एक टॅब बाजारात आला आणि विक्री सुरू झाली त्याच आठवड्यात मी तो घेतला. कंपनीचं नाव देत नाही. दिलं तर चर्चा तिच्यावरच घसरेल आणि मूळ प्रश्न बाजूला राहील. यंत्र सुरेख आहे. हस्तलिखितं तपासायचं माझं काम त्यावर सोपं झालंय, डोळ्यांना ताण येत नाही, आणि ते परत करायचा विचारही मनात नाही.

पण या आठवड्यात कंपनीने किंमत एक तृतीयांशाने उतरवली. ही चार दिवसांची सवलत नाही, नवं मॉडेल आलंय म्हणून जुना माल काढणंही नाही. तेच मॉडेल, तेच स्टोरेज, तोच पेन. किंमत मात्र कायमची खाली.

मित्रमंडळींत दोन उत्तरं मिळाली. एक म्हणाला, वापरतोयस ना, मग विसर. दुसरा म्हणाला, हौसेला मोल नसतं. दोन्हीने समाधान झालं नाही. पहिल्या खेपेच्या यंत्रांत पेन वेगाने चालवला की रेघ मागे राहायची, आणि पीडीएफच्या समासात लिहिलेलं कधीकधी भलत्याच पानावर जाऊन बसायचं. आम्ही सुरुवातीच्या ग्राहकांनी व्हिडिओ काढून, यंत्रातल्या नोंदी (लॉग) पाठवून, कुठल्या फाइलमध्ये कधी होतं ते नीट लिहून कळवलं. अपडेट आलं, दोष गेला. आज घेणाऱ्याला ते सुधारलेलं यंत्र स्वस्तात मिळतंय. त्याने खुशाल घ्यावं, त्याच्यावर राग नाही. कंपनीने मात्र आम्हाला एका ओळीचा मेलही केला नाही. किंमत उतरल्याचं मला जाहिरातीतून कळलं.

तर प्रश्न असा: अशा वेळी फरक मागणं रास्त आहे का? की लवकर घेणाऱ्याने हे धरूनच चालावं?

उंबरठा

धरूनच चालावं. त्या दिवशी ती किंमत तुम्हाला मान्य होती, म्हणून व्यवहार झाला. उद्या किंमत वाढली असती तर वरचे पैसे तुम्ही कंपनीला नेऊन दिले असते का?

सांजसकाळ

उंबरठा यांना अनुमोदन. लवकर मिळण्याचेच ते पैसे असतात. ज्याला थांबता येतं तो थांबतो.

खेळगडी

थांबा, थांबा. हे इतकं सरळ असतं तर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसे आणि खेळ वाटले नसते.

निन्टेन्डोचं थ्रीडीएस आठवा, हातात धरून खेळायचं व्हिडिओगेमचं यंत्र. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आलं, मार्चमध्ये अमेरिकेत जवळपास २५० डॉलरला. खप अपेक्षेपेक्षा फारच कमी. ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येन आणि १७० डॉलरवर आणली. सहा महिनेही झाले नव्हते! कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी गुंतवणूकदारांपुढे उघड सांगितलं की इतक्या लवकर इतकी मोठी कपात आम्ही पूर्वी केलेली नाही, आणि पहिल्या ग्राहकांचा विश्वास जाण्याचा धोका यात आहे. त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, बाकीच्या वरिष्ठांचेही पगार कापले.

आणि आधी घेणाऱ्यांना? कपातीच्या तारखेआधी ज्याचं यंत्र एकदा तरी त्यांच्या ऑनलाइन दुकानाला जोडलं गेलं, त्याला २० खेळ मोफत. १० एनईएसचे, १० गेम बॉय ॲडव्हान्सचे, ही दोन्ही निन्टेन्डोचीच जुनी यंत्रं. त्यातले गेम बॉय ॲडव्हान्सवाले खेळ थ्रीडीएसवर पुढे कधीच विकायला आले नाहीत. पहिल्या लोकांना 'अँबॅसडर' असं नाव दिलं होतं. माझ्याकडे ते यंत्र अजून आहे आणि ते वीस खेळही आहेत. मला त्या कपातीचा राग कधीच आला नाही. मला विचारात घेतलंय एवढं त्यातून कळलं.

तिसरीघंटा

खेळगडी, पण २० जुने खेळ म्हणजे ८० डॉलर होत नाहीत ना. कंपनीला ते देताना खर्च जवळजवळ शून्य. गोदामात पडून असलेलं वाटलं, दुसरं काय.

खेळगडी

तिसरीघंटा, कंपनीला काय खर्च आला यावर मी मोजत नाही, मला काय मिळालं यावर मोजतो. जे दुसऱ्या कुणालाही विकत मिळणार नव्हतं ते मला मिळालं.

कातरवेळ

या विषयाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पहिल्या आयफोनचं. २९ जून २००७ ला विक्री सुरू, ८ जीबीचा ५९९ डॉलर. ५ सप्टेंबरला तोच ३९९. मध्ये ६८ दिवस. लोक दुकानाबाहेर रात्रभर रांगेत बसले होते, त्यांच्या हातातल्या फोनची किंमत एका भाषणात एक तृतीयांशाने खाली आली. (शाईवेडा, तुमचंही प्रमाण तेच, एक तृतीयांश!)

दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्सचं जाहीर पत्र आलं. त्यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. एक, त्याने कपातीचं समर्थन केलं: नाताळच्या सुट्ट्यांच्या मोसमाआधी किंमत उतरवणं योग्य होतं, तंत्रज्ञानात असं होतच राहतं, कुठल्याही तारखेच्या आधी घेणारा कुणीतरी असतोच. म्हणजे उंबरठा म्हणतात तेच. दुसरं, त्याच पत्रात तो म्हणतो की तरीही सुरुवातीच्या ग्राहकांनी आमच्यावर विश्वास टाकला आणि अशा वेळी त्या विश्वासाला आम्ही जागलं पाहिजे. म्हणून ज्यांना दुसरी कुठली भरपाई मिळत नव्हती त्यांना ॲपलच्या दुकानात वापरायचं १०० डॉलरचं क्रेडिट.

माझ्या मते ही दोन वाक्यं एकत्र खरी असू शकतात. हक्क नसतानाही देणं लागू शकतं.

उंबरठा

कातरवेळ, चांगलं मांडलंत. पण 'देणं लागतं' म्हणजे कोण ठरवणार? शेकडो लोकांनी मेल केले म्हणून १०० डॉलर निघाले. ओरडणाऱ्यांची संख्या कमी असती तर निघाले असते का? गोंगाट किती झाला यावर ठरणाऱ्या गोष्टीला मी न्याय म्हणणार नाही.

अक्षरओळ

आणि ते रोख नव्हते. २०० चा फरक, १०० परत, तेही पुन्हा त्यांच्याच दुकानात खर्च करायचे. म्हणजे लोक परत आले, केबल, कव्हर, काहीतरी वरचे पैसे घालून घेऊन गेले.

गल्लाकाउंटर

मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खरेदी-विक्री सांभाळली आहे. या धाग्यावर एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती सांगतो.

कंपनी किंमत उतरवते तेव्हा दुकानदाराच्या कपाटात जुन्या दराने घेतलेला माल असतो. त्याचं काय होतं? बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या करारात 'प्राइस प्रोटेक्शन' नावाचं कलम असतं. किंमत उतरली की आम्ही शिल्लक मालाची यादी काढायची, प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर किंवा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहायचा, वितरकाकडे पाठवायची. तपासणी होते आणि फरकाची क्रेडिट नोट येते, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात जमा धरली जाते. वेळ लागतो, कधी कटकट होते, काही करारांत ठरावीक काळात उचललेल्या मालालाच ते लागू असतं. पण मिळतं. कारण ते नसेल तर नवं मॉडेल कुठलाच दुकानदार भरून ठेवणार नाही. धंद्याला हे पक्कं ठाऊक आहे.

आता बघा. सोमवारी संध्याकाळी माझ्या कपाटात दोन डबे आहेत. एक गिऱ्हाईक घेऊन गेलं, एक राहिला. मंगळवारी किंमत उतरली. राहिलेल्या डब्याचा फरक मला मिळणार, गेलेल्या डब्याचा गिऱ्हाइकाला मिळणार नाही. माल तोच, कारखाना तोच, तारीख तीच. संरक्षण दुकानदाराला आहे कारण त्याने आधी कागदावर मागून घेतलं. गिऱ्हाइकाने कधी मागितलंच नाही.

म्हणून 'जो घेतो तो जोखीम घेतो' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. साखळीतल्या बाकी सगळ्यांनी जोखीम वरती सरकवलेली असते. शेवटी उभा असलेला एकटाच ती धरून असतो.

सांजसकाळ

गल्लाकाउंटर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. वरचं माझं अनुमोदन आता तितकं ठाम राहिलेलं नाही.

बिनसाखरेचा

उत्तम प्रतिसाद. साठवून ठेवतोय.

मागणीपुरवठा

गल्लाकाउंटर यांनी दुकानातून जे सांगितलं तेच अर्थशास्त्रात वेगळ्या वाटेने येतं. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराबद्दल एक छोटा लेख लिहिला. मुद्दा असा: वस्तू टिकाऊ असेल तर आज चढ्या भावाने विकून झाल्यावर, उरलेल्या ग्राहकांना गाठण्यासाठी किंमत उतरवण्याचा मोह विक्रेत्याला होणारच. ग्राहकालाही हे कळतं. मग तो आज का घेईल? तो थांबतो. सगळेच थांबले तर चढा भाव टिकतच नाही. म्हणजे किंमत उतरवण्याची मोकळीक ही विक्रेत्याच्याच मुळावर येते.

यातून सुटण्याचे रस्ते कोसनेच सुचवले. वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्या. किंवा ग्राहकाला आधीच करारात बांधून द्या की किंमत उतरली तर आम्ही तुमच्याकडून इतक्या दराने परत घेऊ. असं वचन ग्राहकाच्या भल्याचं आहेच, पण विक्रेत्याच्याही फायद्याचं आहे, कारण त्या वचनामुळेच लोक पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत द्यायला तयार होतात.

त्यामुळे शाईवेडा यांच्या प्रश्नाला मी उत्तर असं देईन: नंतर फरक मागणं हे विनवणी करण्यासारखं होतं, विक्रीआधी हमी मागणं हा व्यवहार आहे.

तिसरीघंटा

मागणीपुरवठा, पण कोसचं खरं असेल तर लोक थांबायला हवेत. प्रत्यक्षात तर रांगा लागतात की!

मागणीपुरवठा

लागतात, कारण सगळ्यांना थांबण्याची किंमत सारखी वाटत नाही, आणि वस्तू बाजारात आली की नवी मॉडेल्स, नवे प्रतिस्पर्धी येत राहतात. कोसचा मक्तेदार एकटा आहे आणि त्याची वस्तू कधी बदलत नाही. वास्तव त्याहून गुंतागुंतीचं. पण ग्राहक शिकतो हे खरं. एकदा पोळलेला पुढच्या वेळी थांबतोच.

जुनाखोका

किंमत कोसळण्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीचं थोडं जुनं सांगू द्या.

हॅमिल्टनचं पल्सर, पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ, १९७२ मध्ये आलं. १८ कॅरट सोन्याचं, २,१०० डॉलरला. बटण दाबलं की लाल आकडे उजळायचे, एरवी पडदा काळा. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ २० डॉलरला आणलं. त्याआधी बॉलपेन: ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स दुकानात रेनॉल्ड्सचं पेन साडेबारा डॉलरला विकायला आलं आणि लोकांची झुंबड उडाली. काही वर्षांतच बॉलपेन एका डॉलरच्या आत आलं. हिशेबयंत्राचंही तेच, १९७२ चं एचपी-३५ खिशात मावणारं शास्त्रीय गणकयंत्र, ३९५ डॉलरचं, आणि दशक सरता सरता तसलं काम करणारी यंत्रं शाळकरी मुलांच्या दप्तरात.

माझ्या संग्रहात एक जुनं लाल आकड्यांचं घड्याळ आहे. ज्याने ते पहिल्यांदा घेतलं त्याने पुढच्या सगळ्यांचा संशोधनखर्च भरला. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बिनसाखरेचा

जुनाखोका, फोटो टाका ना त्या घड्याळाचा! आकडे अजून उजळतात का?

जुनाखोका

उजळतात. सेल शोधणं हेच मोठं काम. वेगळा धागा काढतो, इथे अवांतर नको.

उंबरठा

जुनाखोका यांच्या उदाहरणातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. १९७२ मधल्या पल्सरवाल्याने १९७६ मध्ये फरक मागितला नाही.

कातरवेळ

उंबरठा, नाही होत. चार वर्षांत चिप स्वस्त झाल्या, नवीन कंपन्या उतरल्या, कारखाने बदलले. ती घसरण कुणाच्या हातात नव्हती. ६८ दिवसांत त्यातलं काहीच होत नाही. ६८ दिवसांत जे बदलतं तो फक्त कंपनीचा निर्णय असतो, आणि तो निर्णय पहिल्या दिवशीच कुणाच्या तरी टेबलावर तयार असेल ही शंका ग्राहकाला येणारच. राग त्या शंकेचा आहे. वर्षाने किंमत उतरली तर कुणी तक्रार करत नाही, हे तुम्हीही बघितलं असेल.

अक्षरओळ

शंका दरवेळी खरी नसते पण. कधीकधी माल अक्षरशः पडून असतो. एचपीचा टचपॅड नावाचा टॅब १ जुलै २०११ ला आला, १६ जीबीचा जवळपास ५०० डॉलरला. १८ ऑगस्टला कंपनीने हे उत्पादनच बंद करतोय असं जाहीर केलं आणि मग ९९ डॉलरला फुंकून टाकला. तिथे कुणी हिशेब करून फसवलं नव्हतं, तो धंदाच बुडाला होता. ॲमेझॉनचा फायर फोन तसाच: २५ जुलै २०१४ ला विक्री सुरू झाली तेव्हा मोबाइल सेवेच्या दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलर, ८ सप्टेंबरला त्याच करारासह ९९ सेंट. पुढे त्यापायी १७ कोटी डॉलरचा फटका कंपनीने हिशेबात दाखवला.

खेळगडी

टचपॅड ९९ ला झाल्यावर लोक तुटून पडले होते. नंतर हौशी लोकांनी त्यावर अँड्रॉइड चढवून तो कितीतरी काळ जिवंत ठेवला. ५०० वाल्याला आणि ९९ वाल्याला तेच अँड्रॉइड.

शाईवेडा

सगळ्यांचे आभार, इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. गल्लाकाउंटर, तुमचे ते दोन डबे डोक्यातून जात नाहीत.

उंबरठा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. किंमत वाढली असती तर मी वरचे पैसे दिले नसते, खरं आहे. पण किंमत वाढवताना कंपन्या बहुतेक वेळा आधी तारीख जाहीर करतात. मेटाने (फेसबुकवाली कंपनी) २०२२ मध्ये क्वेस्ट २ या डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर यंत्राची किंमत १०० डॉलरने वाढवली, तेव्हा ऑगस्टपासून वाढणार हे जुलैअखेरीसच सांगितलं होतं. ज्याला घ्यायचं होतं त्याने आधी घेतलं. वाढ सांगून येते, घट न सांगता. कारण उघड आहे: घट आधी सांगितली तर तोपर्यंत कुणी घेणार नाही. म्हणजे न सांगण्याचा सगळा फायदा एकाच बाजूला जातो. मला खुपतं ते हे.

उंबरठा

हा मुद्दा मात्र मी मान्य करतो. माहिती एकाच बाजूला असते हे खरं.

तरीही भरपाईला माझा विरोध कायम आहे, आणि त्याचं कारण सांगतो. प्रत्येक कपातीसाठी मागे जाऊन फरक द्यावा लागला तर कंपन्या किंमत उतरवणारच नाहीत. नुकसान कुणाचं? जो पहिल्या आठवड्यात घेऊ शकत नाही, ज्याच्यासाठी कपात म्हणजेच वस्तू हातात येण्याची एकमेव संधी असते, त्याचं. मी त्या रांगेतला आहे. माझ्या घरातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र किंमत उतरल्यावर आलेलं आहे. तुमची भरपाई माझ्या संधीतून जाऊ नये एवढंच.

सांजसकाळ

उंबरठा, हे आधीच लिहिलं असतंत तर मी दुसऱ्यांदा अनुमोदन दिलं असतं. :)

मागणीपुरवठा

उंबरठा यांची भीती खरी आहे. अर्थशास्त्रात त्यावर बरंच लिहिलं गेलंय: 'किंमत उतरली तर आधीच्यांनाही फरक देऊ' असं अमर्याद वचन दिलेली कंपनी किंमत धरून बसते, कारण प्रत्येक कपात दुप्पट महाग पडते. म्हणून मुदत हवी. ठरावीक दिवसांचीच हमी. मुदत संपली की किंमत उतरवायला कंपनी मोकळी, आणि मुदतीतला ग्राहकही निश्चिंत.

बिनसाखरेचा

अशी मुदत कुठे असते का प्रत्यक्षात?

कातरवेळ

असते. ॲपलच्या स्वतःच्या दुकानातून घेतलेल्या त्यांच्या वस्तूची किंमत १४ दिवसांत उतरली तर फरक मागता येतो, आपल्याला मागावा लागतो. २००७ मध्येही शेवटच्या १४ दिवसांत घेणाऱ्यांसाठी वेगळी, पूर्ण फरकाची सोय होती. १०० डॉलरचं क्रेडिट त्याआधीच्यांना होतं. काही मोठी दुकानं परताव्याच्या मुदतीत हीच सोय देतात. अमेरिकेत काही क्रेडिट कार्डांवरही किंमत उतरल्यास फरक मिळायचा, पण २०१८-१९ च्या सुमारास तिथल्या मोठ्या बँकांनी एकामागून एक ती सोय काढून टाकली. आपल्या पावतीमागच्या अटी वाचल्या तर कधीकधी अशी सोय सापडते, फक्त मागणारे थोडे.

तिसरीघंटा

आणि सोय नसेल पण परत करायची मुदत शिल्लक असेल तर सरळ परत करून त्याच दुकानातून नव्या किमतीने घ्यायचं. दुकानदाराला हे नको असतं, त्याचा उघडलेला डबा वाया जातो. म्हणून आधी विचारलं तर बरेचदा तोच फरक देऊन विषय संपवतो. मी हे एकदा केलंय, अगदी शांतपणे, आवाज न चढवता.

गल्लाकाउंटर

तिसरीघंटा, बरोबर. काउंटरवरच्या मुलावर ओरडून काही होत नाही, त्याच्या हातात अधिकार नसतो. मॅनेजरला भेटावं, पावती दाखवावी, 'परत करू का फरक देताय' एवढंच विचारावं.

पाणवठा

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते.

सगळे नवीन किमतीबद्दल बोलताय, पण जुनी वस्तू विकायची असेल तेव्हा काय होतं? मी दरवर्षी फोन बदलते, आधीचा विकून त्यात भर घालते. कंपनीने नव्याची किंमत उतरवली की त्याच क्षणी माझ्या वापरलेल्या फोनचा भाव उतरतो. माझ्यासाठी तो तोटा कागदावरचा नाही, पुढच्या फोनला तेवढे पैसे कमी पडतात. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने किमती उतरवल्या तेव्हा चीनमध्ये नुकतीच गाडी घेतलेले लोक शोरूममध्ये जाऊन जमले होते, तिथेही हीच एक मोठी तक्रार होती. अमेरिकेत त्याच महिन्यात त्यांच्या मॉडेल वाय गाडीचा एक प्रकार जवळपास ६६,००० डॉलरवरून ५३,००० वर आला. एवढा फरक म्हणजे एखाद्याची वर्षभराची बचत.

अक्षरओळ

पाणवठा, गाडी आणि गॅजेट वेगळं ना.

पाणवठा

का बरं? सॉफ्टवेअर अपडेट दोन्हीकडे, पहिल्या ग्राहकाने दोष शोधून देणं दोन्हीकडे. शून्यं जास्त आहेत म्हणून भावना वेगळी होत नाही.

खेळगडी

अजून एक, कारण याच्यात काय दिलं ते महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्टचं खेळांचं यंत्र, पहिला एक्सबॉक्स, युरोपात १४ मार्च २००२ ला आला, ब्रिटनमध्ये २९९ पौंडांना. २६ एप्रिलला १९९. सहा आठवडे! मायक्रोसॉफ्टने आधी घेणाऱ्यांना दोन खेळ आणि एक जादा कंट्रोलर दिला. माझ्या मते सगळ्या उदाहरणांत हा सगळ्यात सरळ व्यवहार. १०० पौंडांचा फरक, आणि जे दिलं त्याची दुकानातली किंमत त्याच्या जवळपास जाणारी.

कातरवेळ

शाईवेडा यांनी पहिल्या प्रतिसादात दोष शोधून देण्याबद्दल लिहिलं, त्यावर कुणी फार बोललं नाही. मला तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर लिहिलं. त्यात अगदी पहिले धाडसी २.५ टक्के, त्यांच्यानंतरचे लवकर स्वीकारणारे १३.५ टक्के, मग बाकीचे. हे आकडे वितरणाच्या आलेखावरून पाडलेले विभाग आहेत, मोजणी नव्हे. पण त्यांचं निरीक्षण ठोस आहे: बाकीचे लोक या १३.५ टक्क्यांना विचारतात. 'घेऊ का? कसं आहे?' हा प्रश्न ज्याला विचारला जातो तो माणूस कंपनीसाठी जाहिरातीपेक्षा मोलाचा. शाईवेडा, किंमत उतरल्यापासून तुम्हाला कुणी त्या टॅबबद्दल विचारलं का? आणि तुम्ही काय सांगितलंत?

शाईवेडा

कातरवेळ, विचारलं. एका सहकाऱ्याने. मी सांगितलं की यंत्र उत्तम आहे, आता किंमतही चांगली आहे, जरूर घे. ते खरंच आहे, दुसरं काय सांगणार? पण त्याने पुढे विचारलं, 'यांचं पुढचं मॉडेल येतंय म्हणे, तेव्हाच घेऊ का?' तेव्हा मी म्हणालो, यांचं काहीही आलं तरी लगेच घेऊ नकोस, थोडा थांब.

मी स्वतःही थांबणार आहे. दोष शोधून कळवायला या वेळी मी नसेन.

मागणीपुरवठा

कोसने जे लेखात मांडलं ते तुमच्या सहकाऱ्याला एका वाक्यात कळलं.

गल्लाकाउंटर

शाईवेडा, कंपनीला लिहिलंत का अजून? नसेल तर लिहा. रागाने नको, मागणीही एकच ठेवा. आमच्याकडे येणारी जी पत्रं पुढे सरकायची त्यांत पाच मागण्या नसायच्या.

शाईवेडा

लिहिलं होतं, आज उत्तर आलं. 'आपल्या भावना आम्ही समजतो' आणि त्यांच्या क्लाउडची काही महिन्यांची मोफत वर्गणी. क्लाउड मी वापरत नाही, माझ्या लेखकांची हस्तलिखितं तिथे ठेवणं मला मान्य नाही. नम्रपणे नको म्हणून कळवलं.

आता दुसरं पत्र लिहितोय. या टॅबचा फरक मागणं सोडून देतो, उंबरठा यांचा मुद्दा पटला आहे. एकच मागणी: पुढच्या मॉडेलची विक्री सुरू करताना, त्याच पानावर, किंमत किती दिवस उतरणार नाही आणि उतरली तर फरक कसा मिळेल हे छापा. दुकानदाराला जे कलम देता त्याचंच छोटं रूप आम्हाला द्या.

उंबरठा

याला माझी सही आहे. मी तो टॅब घेतलेला नाही, पण कपातीनंतर घेणार आहे, तरी सही चालेल का?

शाईवेडा

चालेल काय, पहिली सही तुमची घेतो. वाट बघणाऱ्यानेही हे मागितलं तर कंपनीला ते जास्त लागेल.

पाणवठा

माझीही. दिवस किती लिहिताय? १४ फार कमी होतात, वस्तू घरी येऊन सवय होईपर्यंतच संपतात.

मागणीपुरवठा

६० किंवा ९० म्हणा. कातरवेळ यांनी दिलेलं ६८ दिवसांचं उदाहरण लक्षात घेता ९० मला योग्य वाटतं. त्याहून जास्त मागितलंत तर उंबरठा यांची भीती खरी व्हायला लागेल.

उंबरठा

९० ठीक.

गल्लाकाउंटर

मसुदा इथे टाका, मी कलमाची भाषा बघून देतो. आणि मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची की डिलिव्हरीच्या, हे स्पष्ट लिहा. आमचे निम्मे वाद त्याच एका ओळीवरून व्हायचे.

शाईवेडा

डिलिव्हरीपासून लिहितो. रात्री मसुदा टाकतो.